कुसाबाईला स्टेजवर जायचं होतं

माझी मोठी जाऊ कुसाबाई पन्नाशीला टेकल्यावर पळायला शिकली. तब्येतीसाठी नाही आणि हौसेसाठी तर मुळीच नाही. तिला एका माणसाची चारचौघांत अब्रू काढायची होती. तो माणूस बसणार होता स्टेजवर. स्टेजवर जायचं तर नंबरात यायला हवं, आणि नंबरात यायचं तर पळायला हवं. ज्यांना हे ऐकून हसू येतंय त्यांनी खुशाल हसावं. आमच्या गावानेही हसून घेतलं होतं.

मी सुला. माझे मालक अंबडच्या कंपनीत, म्हणून आम्ही नाशकात, इंदिरानगरला राहतो. थोरले दीर गोरक्षभाऊजी आणि कुसाबाई गावीच, निफाड तालुक्यात. तिथून विंचूर हाकेच्या अंतरावर. मी तिला बाई म्हणते, ती मला सुले म्हणते. दोन जावा म्हटल्या की लोकांना भांडणंच आठवतात. आमचीही झाली, भांडी आपटून झाली. पण तिचा वैरी तो माझा वैरी, यात कधी फरक पडला नाही. मला राग लवकर येतो आणि जायला त्याला वाट सापडत नाही, हे माझे मालकही सांगतील.

बाईचं आयुष्य सांगायचं तर कांद्यात गेलं. घरची थोडी जमीन, आणि हंगामात व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जायची. दिवसभर ढिगापुढे उकिडवं बसायचं, मोठा माल इकडे, बारीक गोल्टी तिकडे, सडका मागे. हात चालायचे तशी जीभ चालायची. कुणाच्या सुनेने काय केलं, कुणाचा नवरा कुठे पडला, सगळं तिच्या ढिगापाशी निवडलं जायचं. तोंडाने अशी फटकळ, पण कुणाचं बाळंतपण असो की मयत, पहिली हजर कुसाबाई. गावात निम्म्या पोरांना पहिली आंघोळ तिनेच घातली असेल.

तिला दोनच लेकरं. थोरली चैताली, धाकटा हर्षल. चैताली विंचूरला दिली, रावजीबापूंच्या महेशला. रावजीबापू म्हणजे कांद्याचे व्यापारी, मोठं खळं, दारात ट्रक, पंचक्रोशीत शब्दाला वजन. सोयरीक जमली तेव्हा बाई महिनाभर जमिनीवर चालत नव्हती. ज्याच्यासारख्यांच्या खळ्यावर आपण कांदा निवडला, त्याच्या घरात लेक सून म्हणून गेली, याचं तिला फार अप्रूप होतं. आम्हालाही होतं, खोटं कशाला बोलू.

हर्षल आयटीआय करून विंचूरच्या वाईन पार्कात एका कंपनीत लागला. उंच, हसरा, जेवायला बसला की भाकरी मोजायच्या नाहीत. त्या उन्हाळ्यात तो दमायला लागला. जिना चढला की बसायचा. दात घासताना रक्त यायचं. अंगावर निळे डाग दिसायचे, कुठे आपटलास म्हटलं तर म्हणायचा, आठवत नाही. गावात जो तो वैद्य. रक्त कमी झालंय, बीट द्या, डाळिंब द्या, गूळ-शेंगदाणे द्या. बाईने सगळं दिलं. मग ताप आला तो उतरेना, तेव्हा त्याला माझ्याकडे नाशकाला आणलं आणि तपासणीत निघालं, ल्युकेमिया. रक्ताचा कॅन्सर.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण माणसाला समजेल असं बोलायच्या. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि सांगितलं, रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मगजात. तिथे तांबड्या पेशी होतात, पांढऱ्या होतात, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट होतात. हर्षलच्या मगजात अर्धवट, कच्च्या पांढऱ्या पेशी वेड्यासारख्या वाढताहेत. कामाच्या तर नाहीतच, वर चांगल्यांना जागा ठेवत नाहीत. म्हणून अंग पांढरं पडलं, म्हणून डाग आले, म्हणून ताप. बीट खाऊन हे जाणारं नव्हतं, आणि बीट न खाल्ल्याने आलेलंही नव्हतं. कुणाच्या चुकीने येत नाही, एकापासून दुसऱ्याला होत नाही.

बाई ऐकून म्हणाली, "म्हंजे वाफ्यात तण माजलं. कांद्याच्या रोपाला जागाच राह्यली नाय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी तसंच.

मग केमो सुरू झाली. त्या दिवसांचं मी फार सांगत नाही. केस गेले, तोंडात फोड आले, पाणीसुद्धा उकळून द्यायचं. गावची पोरं गाड्या करून रक्त द्यायला येत. बाई माझ्याकडेच राहिली. हॉस्पिटलात लेकाशी हसून बोलायची आणि माझ्या मोरीत नळ सोडून रडायची. पावसाळा संपताना आजार दबला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हर्षलला झालाय त्या प्रकारचा आजार दबतो तसा उसळतोही. आता दबलाय तोवर दुसऱ्याच्या चांगल्या पेशी त्याच्यात घालायच्या. सख्ख्या भावंडाच्या जुळल्या तर सोनंच.

चैताली भावाला भेटायला आलीच होती. तिच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला, तपासायला पाठवला. आणि जुळलं. पूर्ण जुळलं. बाईने वॉर्डातल्या मावशींपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. पुढचं कामही अवघड नव्हतं. देणाऱ्याला काही दिवस इंजेक्शनं द्यायची, मग रक्तदानासारखं एका हातातून रक्त काढायचं, यंत्राने त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या, बाकीचं रक्त परत अंगात. पाठीच्या कण्याला हातही लागत नाही. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत शरीर पुन्हा तयार करतं.

आता इथे आमच्यातली रीत आडवी आली. दिलेल्या लेकीला साध्या सणाला आणायचं तरी सासऱ्याला विचारायचं, पंचमीला बोलवायचं तरी आणायला मुऱ्हाळी पाठवायचा. मग तिच्या अंगातलं काही न्यायचं तर न विचारता कसं न्यायचं? गोरक्षभाऊजी म्हणाले, मानाने विचारू, मोठी माणसं आहेत, मानाने विचारलं की नाही म्हणणार नाहीत. आमच्यापैकी कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. टॉवेल-टोपी घेतली, नारळ घेतला, विहिणीला साडी घेतली आणि आम्ही विंचूरला गेलो.

रावजीबापूंनी ओसरीवर सतरंजी घातली. चहा झाला. भाऊजींनी टोपी पुढे केली आणि सगळं सांगितलं, हात जोडून सांगितलं. बापू खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "व्याहीबुवा, पोरासाठी काय लागंल ते मागा. गाडी न्या, माणसं न्या. पण सुनंच्या अंगाला मी हात लावू देणार नाय. आमच्या घरात ते व्हायचं नाय."

भाऊजी काकुळतीला आले. मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. बापूंनी टोपी उचलून परत भाऊजींच्या हातात दिली. स्वयंपाकघराच्या दाराआड चैताली रडत होती, हुंदके ओसरीवर ऐकू येत होते. बाई उठली, त्या दाराकडे बघितलं, आणि बापूंना म्हणाली, "माझी लेक कोंडून ठेवलीत तुम्ही." नारळ आम्ही तिथेच ठेवला.

मग अर्ध्या जुळणाऱ्या पेशींवर भागवायचं ठरलं, बापाच्या. तोही रस्ता असतो, त्यानेही पोरं वाचतात. पण त्याची तयारी चालू असतानाच आजार उसळला आणि मग तो काही केल्या दबेना. हर्षल संक्रांतीच्या आधी गेला.

मयतीला रावजीबापू आले. बाई दारात उभी राहिली. सगळ्या गावादेखत म्हणाली, "माझ्या पोराच्या सरणाला तुझ्या हातचं लाकूड नको." बापू मागे फिरले, पार रस्त्यापर्यंत जाऊन उभे राहिले. दहावा झाल्यावर बाईने चैतालीला समोर बसवलं. म्हणाली, त्या घरात परत गेलीस तर या घराची वाट विसर. चैताली गेली. पिशवी उचलली आणि गेली. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं बंद. सणवार बंद. बाईला दोन लेकरं होती आणि आता एकही नव्हतं, आणि या दोन्हींचं खापर तिने रावजीच्या डोक्यावर फोडलं. मी तिच्या जागी असते तर विंचूरला जाऊन त्याच्या खळ्याला काडी लावली असती. बाई मला म्हणाली, "काडी लावून काय, त्यो दुसरं बांधंल. त्याचं नाव जाळायचंय मला."

पण जाळायचं कसं? वजनदार माणसाविरुद्ध कोण बोलतं? गावात बाई बोलायला लागली की लोक विषय बदलायचे. निम्म्यांचा कांदा बापूंच्या खळ्यावर जायचा. एक-दोघी तर तिला म्हणाल्या, सून त्यांची, मर्जी त्यांची, त्यांचं काय चुकलं? त्या दोघींशी बाई आजतागायत बोलत नाही.

दोन वर्षं अशी गेली. मग एक दिवस आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात आली. रक्ताच्या कॅन्सरच्या मदतीसाठी नाशकात दौड, जमणारा निधी गरीब पेशंटच्या उपचाराला. खाली पाहुण्यांचे फोटो. त्यात हात जोडून, फेटा बांधून कोण, तर रावजीबापू. केळी आणि पाण्याच्या बाटल्या त्यांच्यातर्फे, आणि बक्षिसं त्यांच्या हस्ते. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. करून करून भागले नि देवपूजेला लागले. मी तिथल्या तिथे बाईला फोन लावला.

ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बक्षीस त्यो सोताच्या हातानं देणार का?"

म्हटलं, हो. प्रत्येक वयोगटात पहिल्या तिघींना स्टेजवर बोलावतात. पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांचा वेगळा गट आहे, पाच किलोमीटरचा.

"आन् माईक असतो?"

"असतो की."

"मग माझं नाव घाल," बाई म्हणाली.

पहाटे ती पाटाच्या कडेच्या रस्त्याने पळायला लागली. साडीचा काष्टा घालून, पायात हर्षलचे बूट, पुढे चिंधी कोंबलेले. निफाडची थंडी म्हणजे काय ते तिथल्यालाच माहीत. दूधवाले थांबून बघायचे. एकाने विचारलं, कुसाबाई, कुठं पळून चाललीस? ती म्हणाली, "तुझ्या बापानं बोलावलंय, त्याला विचार." पहिल्या आठवड्यात पाय सुजले. हळद-मीठ लावून पुन्हा पळाली. मी सुट्टीला गेले तेव्हा तिच्यासोबत निघाले आणि पहिल्याच वळणावर बसले. ती पुढे जात होती आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. परत आल्यावर विचारलं तर म्हणाली, "स्टेजवर काय बोलायचं त्ये घोकते. पळता पळता घोकलं पायजे. वर गेले आन् धाप लागली तर लोकं म्हणतील बाई रडतीय. मला रडायचं नाय, बोलायचंय."

गोरक्षभाऊजींनी एकदा म्हणून पाहिलं, लेकीच्या सासऱ्याला असं उघड्यावर आणू नको, तिलाच त्या घरात नांदायचंय. बाई म्हणाली, तिला त्यानं कोंडलीय, मी दार फोडते. मला ते पटलं.

दौडीच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. पळणाऱ्याच्या छातीवर लावायचा नंबराचा कागद घेऊन आम्ही घरी आलो. त्यावर नंबराखाली छापलं होतं, मी धावते आहे, आणि पुढे रिकामी जागा, कुणासाठी ते आपण लिहायचं. बाईने माझ्याकडून जाड स्केचपेन मागून घेतलं आणि स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरात लिहिलं, रावजीने मरू दिलेल्या हर्षलसाठी. लिहून झाल्यावर कागद लांब धरून बघितला. मग झोपली, आणि शांत झोपली.

सकाळी मैदानावर ही गर्दी. ढोल-ताशा, रंगीत टीशर्ट, जॅकेट घालून कुडकुडणाऱ्या शहरातल्या बायका. एका बाजूला मांडव होता, तिथे कॉलेजची पोरंपोरी रांगेत उभी होती. गालातून बोळा फिरवून नाव नोंदवायचं, पुढे कधी कुणा अनोळखी पेशंटशी जुळलं तर पेशी द्यायच्या. एक मुलगी माईकवरून सांगत होती, पाठीतून काही काढत नाहीत, त्याने कमजोरी येत नाही, पुढे मूल व्हायला काही अडचण येत नाही. बाई तिथे थबकली. त्या रांगेकडे बघत राहिली.

"नातं ना गोतं," ती म्हणाली, "तरी उभी हायत पोरं. आन् माझ्या लेकाला घरातलं असून मिळालं नाय." तिचा जबडा असा आवळला होता की मला वाटलं दात तुटतील.

बाईने शाल लपेटून घेतली होती, छातीवरचा कागद झाकायला. सुरुवातीच्या रेषेपाशी रावजीबापू दोन शब्द बोलले. म्हणाले, माझ्या सुनेचा भाऊ या आजाराने गेला, तरणाताठा पोर होता, त्याच्या आठवणीने मी हे थोडंफार करतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेल्याची हिंमत तरी बघा, मी मनात म्हटलं. बाईने शाल काढून माझ्या अंगावर फेकली. झेंडा पडला आणि ती सुटली.

मीही नाव घातलं होतं, पण सांगण्यासारखं नाही. थोडं पळाले, थोडं चालले आणि आडवाटेने मैदानावर परत येऊन शेवटच्या रेषेशी उभी राहिले. पहिली आली एक निवृत्त पीटीची बाई, सरावाची, सडपातळ. मग बराच वेळ कोणी नाही. मग वळणावर लाल काष्टा दिसला. डोक्यावरचा पदर कधीच खांद्यावर आलेला, बूट धाडधाड वाजताहेत, आणि ओठ हलताहेत. दुसरी आली. रेषा ओलांडून ती थांबलीसुद्धा नाही, तशीच चालत स्टेजच्या पायऱ्यांपाशी जाऊन उभी राहिली. मी पाणी दिलं ते तिने घेतलं नाही. फक्त म्हणाली, "सुले, धाप नाय लागली."

नाव पुकारलं. बाई वर गेली. बापू पदक हातात घेऊन पुढे आले, हसत आले, आणि मग त्यांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या छातीवरचा कागद वाचला. हात तिथेच थांबला. बाईने निवेदन करणाऱ्या पोरीच्या हातातून माईक काढून घेतला. तिला कळायच्या आत घेतला.

"माझं नाव कुसाबाई," ती म्हणाली. आवाज मैदानभर गेला, जराही कापला नाही. "माझा हर्षल रक्ताच्या कॅन्सरनं गेला. त्याला त्याच्या बहिणीच्या पेशी जुळल्या होत्या. हातातून घ्यायच्या होत्या, रक्त देतात तशा. ह्या माणसानं सुनंला देऊ दिल्या नाय. आम्ही टोपी घिऊन ह्याच्या दारात गेलो, ह्यानं टोपी परत केली. आज ह्यो तुम्हाला केळी वाटतोय. माझ्या पोराचं नाव घेतोय. विचारा त्याला, मी खोटं बोलत असंल तर."

ढोलवाल्याने ढोलावर हात ठेवला. मला, खरं सांगते, फार बरं वाटलं. दोन वर्षांत असं बरं वाटलं नव्हतं. लोक बापूंकडे बघत होते. बापूंनी पदक टेबलावर ठेवलं, हात जोडले आणि म्हणाले, "विहीणबाई खरं बोलतात. मीच नाही म्हटलं होतं."

एवढ्यावर थांबली असती तर चाललं असतं. पण बाई थांबली नाही. दोन वर्षं साठवलेलं होतं. तिने बापूंकडे बोट केलं आणि म्हणाली, "माझा वंश बुडवलास रावजी, तुझाबी बुडंल. तुझ्या घरात पाळणा हलायचा नाय. हलला तरी रिकामा हलंल."

खाली बायकांमध्ये कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. आणि पाहुण्यांच्या रांगेतून एक बाई उठली. मी आधी ओळखलंच नाही. अंग भरलं होतं, पोट पुढे आलं होतं, सहावा-सातवा सहज असेल. महेशने तिचा हात धरायला बघितलं, तिने तो सोडवला आणि एकेक पायरी धरून वर आली. चैताली होती ती.

"आई," ती म्हणाली, "त्या घरातला पाळणा म्हणजे माझंच पोट ना?"

बाईच्या हातातला माईक खाली आला. तिने लेकीच्या पोटाकडे बघितलं. तिला माहीतच नव्हतं. कोण सांगणार होतं?

"बापू, आता पुरे झालं," चैताली सासऱ्याला म्हणाली, आणि आईकडे वळली. "बापूंनी नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं."

बापू म्हणाले, पोरी, राहू दे. ती राहू देईना. माईक लागला नाही, पुढच्या रांगांना सगळं ऐकू येत होतं. म्हणाली, "माझं दोनदा पोट पडलेलं होतं, तुला ठाऊक आहे. बायका म्हणायच्या, हाडातलं काढलं की बाईला मूल राहत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं नसतं. मला कळत होतं, पण भीती जात नव्हती. गालातला बोळा दिला तेव्हा वाटलं होतं, जुळणारच नाही. जुळलं, तशी घाबरले. मी बापूंच्या पायावर डोकं ठेवलं. ते म्हणाले, दे गं, भाऊ आहे तुझा. नसंल द्यायचं तर तूच सांग आईला. मी म्हटलं, आई मला जन्मात तोंड दाखवू देणार नाही. तुम्ही नाही म्हणा."

बापू हळूच म्हणाले, "व्याह्याला शिव्या चालतात. लेकीला आईची शिवी सोसत नाही, असं वाटलं मला."

"तुम्ही ओसरीवर आलात," चैताली म्हणाली, "टोपी आणलीत, नारळ आणलात, बापूंना विचारलंत. मी दाराआड होते आई. तुला माझं रडणं ऐकू आलं, तू दाराकडे बघितलंस. एक हाक मारली असतीस. चैताली, तुझं काय, एवढं विचारलं असतंस. तुझ्या तोंडावर मला नाही म्हणता आलं नसतं. मी दिलं असतं."

मी खाली उभी होते आणि माझा राग नुसता भिरभिरत होता. बापूंवर करावा तर बसेना. या पोरीवर करावा तर तिचं पोट दिसत होतं. पण केला, थोडा केला, भावाला मरू दिलं म्हणून केला. अजूनही आहे.

एवढं पळून जी लागली नव्हती ती धाप बाईला आता लागली. निवेदन करणारी पोरगी पाणी घेऊन पुढे आली, बाईने तिला हाताने बाजूला केलं. मग ती चैतालीजवळ गेली, वाकली आणि तिच्या पोटावर दोन्ही तळवे ठेवले. कुणाला न विचारता ठेवले.

"मी आत्ता जे बोलले ते माझ्या डोक्यावर पडू दे," ती पोटाशी तोंड नेऊन म्हणाली. "माझा शब्द मला लागू दे. ह्याला नाय." असं तीनदा म्हणाली. मग सरळ झाली.

बापूंकडे वळून म्हणाली, "रावजीबापू, खरं लपवून तुम्ही माझं भलं नाय केलं. खरं कळलं असतं तर मी हिच्या झिंज्या धरून, पाया पडून, कसंबी हिला नेलं असतं. माझं पोर कदाचित राह्यलं असतं. त्याची माफी तुम्हाला नाय."

बापूंनी मान हलवली.

चैताली रडत होती. आईच्या खांद्याकडे झुकायला बघत होती. बाईने तिला झुकू दिलं नाही. तिच्या दंडाला धरून उभं केलं, पदराने तिचं तोंड पुसलं, जरा जोरातच पुसलं.

"आता नीट ऐक," बाई म्हणाली. "भावाला तू मारलंस असं मी म्हणत नाय. आजारानं मारलं. पण तू त्याला दिलं नायस, त्ये मी मरेस्तोवर इसरणार नाय. तुला माफ करणार नाय. समजलं?"

चैतालीने मान हलवली.

"आन् पयलं बाळंतपण माहेरी असतं," बाई म्हणाली. "सातवा संपला की यायचं. तुझं आन् पोराचं अंग मीच चोळणार, दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाय. माफ करणार नाय, पण तू यायचं. येशील का? तुलाच इचारते."

चैताली म्हणाली, "येते."